गाडी विकायच्या आधी वाघबिळाची वळणं

एका वाचकाचं पत्र :

«नमस्कार. मी ४६ वर्षांचा, राजारामपुरीत राहतो. शिवाजी उद्यमनगरात लहानसं मशिनशॉप आहे. २०१२ साली होंडाची सीबीआर २५० आर घेतली. तेव्हा रविवार उजाडला की गगनबावडा, फोंडा, आंबोली असं काही ना काही चालायचं. पुढं मुलगी झाली, शॉपचं कर्ज, वडिलांचं आजारपण. गाडी सात-आठ वर्षं शेडमध्ये झाकून पडली. गेल्या दिवाळीत पुतण्यानं ती चालू करून घेतली आणि मी त्याच्या दोस्तांबरोबर भुईबावडा घाटात गेलो. पोरं ड्यूक आणि आर १५ वर. त्यांच्या मागं राहायच्या नादात उतारावरच्या एका डाव्या वळणात घाबरून ब्रेक दाबला. गाडी सरळ झाली आणि मी समोरच्या लेनमध्ये गेलो. समोरून एसटी. चालकानं गाडी दाबून घेतली म्हणून वाचलो. घरी येईस्तोवर हात कापत होते. पण जास्त वाईट याचं वाटतंय की त्या अख्ख्या दिवसात एकदाही मजा आली नाही. पूर्वी जे मिळायचं ते कुठंच सापडलं नाही. बायको म्हणते, आता वय झालं, विकून टाका. गिऱ्हाईकही आलंय. विकू का?
ता. क. पुतण्या म्हणतो, काका, विकण्यापेक्षा मला द्या.»

नमस्कार.

विकू नका. निदान या हंगामात तरी नको. गिऱ्हाईकाला उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगा. थांबला तर ठीक, गेला तर जाऊ दे. निगा राखलेल्या सीबीआरला कोल्हापुरात दुसरं गिऱ्हाईक मिळेल.

वयाचं म्हणाल तर डोळे तपासून घ्या, मान दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत नीट वळते का बघा, तेवढं पुरे. तुमच्या पत्रात मला म्हातारपण कुठं दिसलं नाही. सात-आठ वर्षं तुटलेला सराव घेऊन तुम्ही थेट आपल्या भागातल्या अवघड उतारावर गेलात, तेही विशीतल्या पोरांच्या मागून, हे मात्र स्पष्ट दिसलं. अशा दिवशी मजा येणारच नव्हती. भीती आली आणि ती येणंच बरोबर होतं.

आपल्या घाटांची एक गोष्ट इथं लक्षात घ्या. कोल्हापूर वर, कोकण खाली. गगनबावड्यापर्यंतचे पंचावन्न किलोमीटर कुंभीच्या खोऱ्यातून, उसाच्या फडांमधून, सौम्य वळणांनी जातात. अंग सैल होतं, वेग वाढतो आणि मग एकदम करूळ नाहीतर भुईबावडा. आंबा, अणुस्कुरा, फोंडा, आंबोली, सगळीकडे हाच प्रकार : आधी उतरायचं, चढायचं ते परतताना. सराव तुटलेल्या माणसाला हे उलटं पडतं. चढावर रेस सोडली की गाडी आपोआप मंदावते, वेगाचा अंदाज थोडा चुकला तरी निभावून जातं. उतारावर गाडी स्वतःहून पळत असते, तुमचं आणि गाडीचं वजन आधीच पुढच्या चाकाकडे गेलेलं असतं. हात आखडलेले असतील तर अंगाचा सगळा भार मनगटांवर आणि हँडलवर येतो, आणि असं हँडल वळायला तयार नसतं.

आता त्या डाव्या वळणात काय झालं ते बघू. तुम्ही जरा जास्त वेगानं आत शिरलात. नजर गेली कठड्याकडे किंवा रस्त्याच्या मधल्या पट्ट्याकडे, म्हणजे जिकडे जायचं नव्हतं तिकडे. मनानं सांगितलं, ब्रेक. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक एकदम दाबला की ती उभी राहायला बघते, आणि उभी राहिलेली गाडी वळत नाही. डाव्या वळणात सरळ गेलं म्हणजे समोरच्या लेनमध्ये. यात गाडीचा दोष नाही आणि तुमच्या चाळिशीचाही नाही. भीतीच्या क्षणी शरीर हेच करतं. सराव असलेल्या माणसाचं शरीरही करू बघतं, पण त्याची नजर आणि हात दुसरं काही शिकलेले असतात. तुम्हीही ते शिकला होतात. शिकलेलं पूर्ण जात नाही, गंजतं.

तुम्ही मापाची माणसं, म्हणून हिशोबानंच सांगतो. समजा पंचवीस मीटर त्रिज्येचं वळण आहे, घाटात असतं तसं. ताशी ३० किलोमीटरनं ते घ्यायला गाडी सुमारे १६ अंश झुकवावी लागते. ४० ला २७ अंश. ५० ला ३८. वेग वीसनं वाढला आणि झुकाव दुपटीच्या वर गेला, कारण इथं वेगाचा वर्ग लागतो. १६ अंशांवर रस्त्यात थोडी खडी आली, समोरून जीप मध्येच घुसली, तर तुमच्या हातात बरंच काही शिल्लक असतं. ३८ अंशांवर जवळजवळ काहीच नसतं. ती पोरं त्या दिवशी किती शिल्लक ठेवून चालली होती ते मला ठाऊक नाही. तुम्ही त्यांच्या मागं लागलात तेव्हा तुमची शिल्लक मात्र संपली होती. भीती वाटली ती याची.

माझं म्हणणं एवढंच की तुम्हाला जी मजा आठवते ती वेगात नव्हतीच. तुम्ही पुन्हा वेगाच्या मागं गेलात म्हणून ती सापडली नाही. पूर्वी तुम्ही रविवारमागून रविवार त्याच त्या घाटांत जायचात. वळणं ओळखीची होती, हात हलके होते, एका वळणातून बाहेर पडताना पुढच्याची तयारी आपसूक झालेली असायची. मजा त्या लयीत होती, वेग तिच्या मागून आपोआप येत होता. लय आधी परत आणावी लागेल, आणि ती ताशी ३५ ला येते.

त्याआधी गाडीचं. गाडी चालू होणं वेगळं, घाटात न्यायच्या लायकीची होणं वेगळं, आणि पुतण्यानं पहिलंच केलं असावं असा माझा अंदाज आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षं उलटलेलं रबर कडक झालेलं असतं, ते टायर सरळ बदला. दोन्ही. इथं पैसे वाचवू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लांब उतारावर तापलं की ब्रेक मऊ पडतो; दर दोन वर्षांनी बदलायचं ते तुमचं कधीचं आहे कोण जाणे. टाकीत जुनं पेट्रोल राहिलं असेल तर ते काढून टाका. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, म्हणजे आपल्याच उसाचा भाऊबंद, तोही पाणी धरतो. गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर हे ध्यानात असू द्या. जुन्या रबरी नळ्या, चेनचा ताण, फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या, सीलमधून तेल येतंय का, हे मिस्त्रीला समोर उभं राहून दाखवायला सांगा. हवेचा दाब गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरवर मोजलेला. हेल्मेटही त्याच काळातलं असेल तर नवं घ्या, आतला थर्माकोल कालांतरानं निकामी होतो. कागदांचं एक : २०१२ ची गाडी म्हणजे आरसीची पंधरा वर्षं २०२७ ला भरतात, नूतनीकरणाची तारीख आत्ताच बघून ठेवा. नवी नंबरप्लेट बसवली नसेल तर तीही.

मग घाटात जायची घाई न करता सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीतल्या एखाद्या रिकाम्या, रुंद रस्त्यावर जा. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, तुम्हाला कुठला रस्ता कधी मोकळा असतो ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तिथं दोन गोष्टी घोटायच्या.

एक म्हणजे ब्रेक. सरळ रेषेत, ४० वरून, पुढचा ब्रेक आधी हलका लावून मग वाढवत न्यायचा. तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. बोटांनी पिळायचं, झडप घालायची नाही. ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, आणि हात दचकून वाया जाणारा सेकंद तेवढाच मोठा असतो.

दुसरी म्हणजे हँडल. गाडी डावीकडे न्यायची तर डावा हात हलकेच पुढं ढकला. उजवीकडे न्यायची तर उजवा. चालती गाडी अशीच वळते. तुम्ही वर्षानुवर्षं नकळत हेच करत होतात, फक्त आता ते जाणून करा. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं वाकलेली ठेवा, पंजे इतके सैल की बोटं मोकळी हलवता यावीत. हात आखडले की पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते कळेनासं होतं. लेथवर हातानं फीड देताना झटका बसला की टूल चॅटर करतं, म्हणजे थरथरतं, आणि जॉबवर खुणा उठतात, तोच कट एकसारख्या फीडनं दिला की आवाजसुद्धा बदलतो. टायर आणि डांबराचं तसंच आहे, झटका त्यांना सोसत नाही, हळूहळू वाढत गेलेला ताण मात्र भरपूर सोसतो. रेस, ब्रेक, झुकवणं, तिन्हीला हा एकच नियम लावा.

हे अंगवळणी पडलं की पन्हाळा.

पन्हाळाच का, तर तिथं आधी चढ येतो. शहरापासून वीस किलोमीटर, म्हणजे अंग दमायच्या आत वळणं सुरू आणि काही गडबड वाटली तर नाश्त्याच्या वेळेला घरी. शनिवार-रविवार नको, पर्यटकांच्या गाड्या असतात आणि रविवार जोतिबाचा वार, केर्लीपासून गर्दी. मधल्या वारी, उजाडल्यावर निघा. अंधारात मुळीच नको. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध घ्या, शिवाजी पूल ओलांडा आणि केर्लीपर्यंत काहीही सिद्ध करायला जाऊ नका. टायर तेवढ्यात थोडे गरम होतात, हातही. चौपदरीकरणाचं काम जिथं चालू असेल तिथं खडी आणि माती असणारच, तेव्हा तिथं गाडी न झुकवता, सरळ ठेवूनच चालवा. वाघबिळाला हमरस्ता सोडून पन्हाळ्याकडे वळलात की तुमची सकाळ सुरू झाली.

तिथलं एक वळण कसं घ्यायचं ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

वळण डावं आहे असं धरू. ते दिसल्याबरोबर, अजून गाडी सरळ असतानाच, वेग कमी करायचा. जितका पुरेसा वाटतो त्याहून थोडा जास्तच. गिअर खाली, टाकताना रेसचा हलका ठोका, म्हणजे मागचं चाक हिसका देत नाही. आपल्या लेनच्या बाहेरच्या अंगाला राहा, पण मधल्या पट्ट्यापासून हातभर तरी आत, कारण समोरून येणारा ट्रक वळण कापत येणार हे गृहीतच धरायचं. आता नजर. रस्त्याच्या दोन्ही कडा जिथं एकमेकींना मिळताना दिसतात तो बिंदू शोधा आणि त्याला सोडू नका. तो जागच्या जागी असेल किंवा जवळ येत असेल तर वळण अजून आवळतंय, थांबा, गाडी झोपवू नका. तो पुढं पळायला लागला, म्हणजे वळण उघडलं. आता डावा हात पुढं. गाडी एका हालचालीत झुकते. झुकली की रेस सोडायची नाही आणि वाढवायचीही नाही, फक्त तेवढी धरायची की इंजिन गाडीला ओढत राहील. बाहेर जायचा रस्ता पूर्ण दिसला की मग एकसारखी वाढवत न्या.

त्या क्षणी काय होतं ते तुम्ही कधीकाळी अनुभवलंय. मागचं सस्पेन्शन किंचित बसतं, पुढचं हलकं होतं, एकट्या सिलिंडरचा आवाज खर्जातून वर चढतो आणि गाडी आपणहून उभी राहत रस्त्याबरोबर सरळ होते. तुम्ही काही करत नसता, केलेलं सगळं आधीच झालेलं असतं. आणि उठतानाच पुढचं वळण समोर येतं. यात वेगाच्या काट्यावर ३५ आहे की ६५, याला खरोखर काही किंमत नाही. २५ अश्वशक्तीची गाडी यासाठी पुरून उरते. माझ्या मते जास्त ताकदीच्या गाडीपेक्षा जास्तच चांगली, कारण तिला रेस देऊन सगळी वापरता येते, धाकात राहावं लागत नाही.

उजव्या वळणात एक जपा. चाक आपल्या लेनमध्ये असतं, पण झुकलेलं डोकं आणि खांदा पट्ट्यापलीकडे जातात. समोरून येणाऱ्या गाडीचा आरसा तिथूनच जातो. त्यामुळे उजव्या वळणात चाक पट्ट्यापासून चांगलं दूर ठेवा, रेषा कितीही सुंदर जमत असली तरी.

वर पोचलात की गाडी लावा आणि उतरायची घाई करू नका. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या धाकात, आणि घाटात वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट. पहिल्या खेपेला उतारावर मजा शोधू नका, ती चढावर घ्या. तोच रस्ता पुन्हा करा, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. लोक नव्या नव्या रस्त्यांच्या मागं लागतात. वळणाची चव ओळखीच्या रस्त्यावर लागते, कारण तिथं लक्ष रस्ता शोधण्यात जात नाही, ते हातांकडे देता येतं. कधीतरी एका सकाळी तुम्ही वर पोचाल आणि ध्यानात येईल की मधल्या वाटेत एकदाही दात आवळले नव्हते. पुढच्या घाटाचा विचार त्या दिवशी करा, आधी नको.

पुढचा रस्ता मी राधानगरीचा सांगेन. परितेवरून भोगावतीच्या अंगानं वर, मग दाजीपूरच्या जंगलातली वळणं. फोंडा घाट उतरायचीही गरज नाही, दाजीपूरवरून परत फिरलं तरी दिवस भरतो. फक्त संध्याकाळच्या आत जंगल सोडा. ते गव्यांचं अभयारण्य आहे आणि गवा वळणापलीकडे उभा असला तर तो हलत नाही, तुम्हालाच थांबावं लागतं. जोतिबाच्या रस्त्यावर यात्रेच्या आगंमागं गुलाल पसरलेला असतो. दवानं ओला झाला की त्यावर टायर टिकत नाही. पावसाळा संपला तरी झाडीखालच्या वळणांत शेवाळ उशिरापर्यंत राहतं. आणि पावसानंतर पहिल्यांदा जाताना कुठलाही घाट आधी सावकाश बघून घ्यायचा. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचाच मुख्य रस्ता खचला होता.

ऊस हंगामाबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, तरी सांगतो. कारखाने सुरू झाले की गगनबावडा आणि राधानगरी, दोन्ही रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस रस्त्याच्या मापात नसतो. पडलेल्या कांड्या आणि वाडं चाकांखाली चिरडून रस्ता चिकट-गुळगुळीत होतो, फडातून आलेल्या चाकांबरोबर चिखल येतो, आणि तो नेमका वळणाच्या आतल्या अंगाला पडतो जिथून तुम्ही जाणार असता. मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात उभी असते. दसरा झाल्यावर पाऊस थांबतो आणि गळीत अजून भरात आलेलं नसतं, तेवढे मधले आठवडे आपल्याकडचे सगळ्यात चांगले. ते धरा. हंगामात जायचं तर सकाळी, आणि गुऱ्हाळाचा वास आला की पुढं ट्रॅक्टर आहे असंच समजायचं.

जेवणाचंही : तांबडा-पांढरा ओरपून घाट उतरायला निघू नका. झोप येते, आणि ती वळणात येते.

आता वहिनींचं. त्या म्हणाल्या वय झालं. मला वाटतं त्यांना म्हणायचं होतं की तुम्ही त्या दिवशी घरी आलात तेव्हा तुमचा चेहरा त्यांनी बघितला. एसटीचं त्यांना सांगितलंत का? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. सांगितलं नसेल तर आधी ते सांगा, पूर्ण, हात कापत होते त्यासकट. लपवलेल्या गोष्टीवर उभं केलेलं समजूतदारपणाचं बोलणं टिकत नाही. मग «काळजी नको, मी हळू चालवतो» असं मोघम म्हणू नका, हे वाक्य प्रत्येक दुचाकीवाल्याच्या घरात रोज म्हटलं जातं. नेमकं सांगा : कुठला रस्ता, किती वाजता निघणार, किती वाजता घरी, ग्रुपबरोबर जाणार नाही, अंधारात चालवणार नाही, पोचल्यावर फोन. आणि ते पाळा. नव्या टायरचं आणि हेल्मेटचं बिल त्यांना दाखवा. विमा चालू आहे का, त्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का, शॉपच्या कर्जाला तुमच्या आयुष्याचा विमा जोडलेला आहे का, हे त्यांच्याबरोबर बसून बघा. कर्ज आणि मुलगी दोन्ही डोक्यावर असलेल्या बाईला हे प्रश्न रात्री पडतात, विचारत नाहीत इतकंच. एवढं करूनही त्या नको म्हणाल्या तर त्यांच्या नकारात काय आहे ते ऐका. त्यांची परवानगी काढून घ्यायची ही युक्ती नाही. ज्या माणसाला घरी वाट बघणाऱ्याची धास्ती माहीत असते त्याला घाटात मोकळं वाटत नाही, हे तुम्हालाच जड जाईल.

विकायचं केव्हा, तेही स्पष्ट लिहितो. गाडी नीट केलीत, हा हंगाम पन्हाळ्याला आणि राधानगरीला सावकाश जात राहिलात, आणि तरीही दर वेळी निघताना पोटात गोळा येतोय, न जायला कारण मिळालं की बरं वाटतंय, तर मार्चमध्ये विका. त्यात कमीपणा काही नाही. माणसाचे नाद बदलतात. पण तो निर्णय पन्हाळ्याच्या चढावर घ्या, भुईबावड्यातल्या एका वळणावर सोडून देऊ नका.

राहिला पुतण्या. त्यानं तुमची गाडी चालू केली, तुम्हाला बरोबर नेलं, पोराचं मन चांगलं आहे. पण गाडी त्याला आत्ता देऊ नका. आधी त्याला एकट्याला घेऊन पन्हाळ्याला जा, दोस्तांशिवाय. तुम्ही पुढं, तो त्याच्या गाडीवर मागं, तुमच्या वेगानं. वर गेल्यावर त्याला विचारा की कुठल्या वळणात काय चुकलं, तुमचं आणि त्याचं. मग परतीला तो पुढं. त्याला वेगच हवा असेल तर तो वेग रस्त्यावर भागत नाही, त्यासाठी कोईंबतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. दोन्ही लांब आहेत, पण तिथं समोरून एसटी येत नाही. पैसे साठवून एकदा जाऊन येऊ दे, जमल्यास तुम्हीही जा. दोघांनी मिळून एक हंगाम असा काढलात आणि वळणाआधी ब्रेक सोडायची शिस्त त्याच्या हातात दिसली, तर अधूनमधून किल्ली द्यायला हरकत नाही. नावावर करायचा विषय आरसीच्या नूतनीकरणाच्या वेळी काढा.